कंबर गेली नाही, तिचा दम गेला आहे



वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्हाला हमखास ऐकू येतं, "बाई, कंबर गेली." दिवसभर वाकून निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, नाहीतर बांधकामावर घमेली. मग पट्टा बांधायचा, सुई घ्यायची आणि पुन्हा कामावर.

मंडपाचा खांब दोरांनी उभा राहतो, तसा आपला कणा पाठीच्या, पोटाच्या आणि कुशीच्या स्नायूंनी सावरलेला असतो. या स्नायूंना ताकद हवी, तसाच दमही हवा. दम म्हणजे बराच वेळ धरून राहणं. तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या कमरेत हे दोन्ही अनेकदा कमी झालेले असतात. दुखतं म्हणून आपण हालचाल टाळतो, त्यानं स्नायू आणखी दुबळे होतात. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेनसन यांनी १९८४ साली दाखवलं की, ज्या पुरुषांच्या पाठीत असा दम चांगला होता, त्यांना पुढच्या वर्षभरात कंबरदुखी सुरू होण्याचा धोका कमी होता.

"मजुरी हाच व्यायाम ना?" असं बाया विचारतात. नाही. मजुरीत एकाच बाकात तासन्‌तास राहावं लागतं. व्यायामात थोडा वेळ धरायचं, सोडायचं, विसावा घ्यायचा.

सतरंजीवर रोज हे करा:

१. उताणं झोपून गुडघे वाकवा, ढुंगण वर उचला.
२. हातगुडघ्यांवर या, उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ करा. मग दुसरी बाजू.
३. कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर भार देऊन कंबर उचला. मग दुसरी कूस.

प्रत्येक वेळी पाच सेकंद धरा, पाच वेळा करा. श्वास रोखू नका. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. फरक पडायला दोन महिने लागू शकतात. कामावरही मधूनमधून सरळ उभं राहा.

पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं. यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून लगेच सेवाग्राम, सावंगी किंवा वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात जा. गरोदर बाईनं आधी विचारूनच करावं.

कंबरदुखी हे मागच्या जन्मीचं पाप नव्हे. कपिलवस्तूत खुद्द तथागतांची पाठ दुखली, तेव्हा त्यांनी उपदेशाचं काम आनंदावर सोपवून विसावा घेतला, असं सेखसुत्तात आहे. आपल्या घरातही कामं वाटून घ्या. पाण्याची घागर एकट्या मायच्याच कमरेवर का?