एका गुणाचा हिशेब

भोकरदन तालुक्यातील असई गावच्या शिवारात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीच्या पलटणींची जी घनघोर लढाई झाली, तिच्यात दोन्ही पक्षांच्या पायदळाजवळ गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. आणि अशा नळीतून सुटलेली गोळी कोठे जाईल याची हमी खुद्द बार काढणाऱ्यालाही देता येत नसल्यामुळे, रांगच्या रांग एका हुकमासरशी एकदम बार काढीत असे व नेमाची उणीव संख्येने भरून काढीत असे. एकट्या माणसाच्या नेमाला त्या रणांगणावर फारशी किंमत नव्हती. ज्या क्रीडाप्रकारात त्या एकट्या नेमावाचून दुसरे काहीच नाही, जेथे शत्रू नाही, धूर नाही आणि आवाजही टाचणी पडल्याहून थोडासाच मोठा, त्या दहा मीटर एअर पिस्तुलाची हकीकत आपल्या जिल्ह्यातील वाचकांपुढे मांडावी असे पुष्कळ दिवस मनात होते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ जालन्यात असल्याने ‘चांदमारी’ आपल्याला अपरिचित नाही. परंतु आशियाई अथवा ऑलिंपिक क्रीडास्पर्धांतील पुरुषांची एअर पिस्तूल स्पर्धा हा अगदी निराळा मामला आहे.

निराळेपणाची सुरुवात हत्यारापासूनच होते. या पिस्तुलात दारू नसते. नळीखालच्या लहानशा नळकांड्यात दाबून भरलेली हवा ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा पुढे ढकलते. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा अधिक असता कामा नये आणि चाप निदान ५०० ग्रॅम भाराशिवाय सुटता कामा नये, असा नियम आहे. ते एकाच हाताने धरावे लागते. मनगटाला कसलाही आधार चालत नाही, म्हणून दुसरा हात बहुधा पाटलोणीच्या खिशात विसावलेला दिसतो. समोर दहा मीटरवर, जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर, लक्ष्य असते. त्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. छर्‍याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. तेव्हा छर्‍याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिले की दहा, आणि पुढच्या प्रत्येक ८ मिलिमीटरला एकेक गुण वजा, असा सरळ हिशेब आहे.

आता यातील खरी मेख पाहा. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यामधले अंतर जेमतेम दीड वीत असते. त्यामुळे माशी खाचेत एका मिलिमीटराने जरी सरकली तरी दहा मीटरवर छर्रा सुमारे तीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळे, बाजूला जातो. उलट, माशी खाचेत नीट बसलेली असून सबंध हातच जरासा हेलकावला, तर तोटा फार अल्प असतो. म्हणून निष्णात नेमबाज आपली दृष्टी लक्ष्यावर ठेवीत नाही, माशीवर ठेवतो. लक्ष्याचे काळे वर्तुळ त्याला अंधुकच दिसते, आणि पुष्कळ जण तर त्या वर्तुळाच्या खालच्या पांढऱ्या जागेवर हात टेकवून समाधान मानतात. हात सर्वस्वी स्थिर कोणाचाच राहत नाही. हृदयाचा ठोका, श्वास, दंडाचा थकवा ही सर्व मंडळी त्या दीड किलोच्या तोलात आपापला वाटा मागत असतात. नेमबाजाने त्यांचा वाटा नाकारायचा नसतो. तो ठराविक मर्यादेत ठेवून, चाप केव्हा सुटला हे स्वतःलाही कळू नये अशा बेताने, बोट मागे न्यायचे असते. ज्याने ‘आता मारतो’ असे म्हटले त्याचा छर्रा बहुधा आठात सापडतो.

प्राथमिक फेरीत असे साठ बार पंचाहत्तर मिनिटांत काढावे लागतात. पूर्णांकाने मोजणी होऊन कमाल ६०० गुण. पहिले आठ अंतिम फेरीत जातात. तेथे सारी पाटी कोरी होते. आरंभी पाच-पाच बारांच्या दोन मालिका, मग एकेक बार, बाराव्या बारानंतर दर दोन बारांनी एकाची गच्छंती आणि चोविसाव्या बाराला निकाल. गुण दशांशात, एका बाराला अधिकात अधिक १०.९.

पाटी कोरी करण्याची ही पद्धत २०१३ मध्ये आली. तत्पूर्वी, १९८८ मध्ये सोल येथे हा प्रकार ऑलिंपिकमध्ये दाखल होऊन बल्गेरियाचे तान्यू किर्याकोव पहिले विजेते झाले तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे, प्राथमिक फेरीची जमा पुढे ओढली जाई. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनच्या पांग वेई यांचे सुवर्ण ६८८.२ गुणांचे होते. त्यात साठ बारांची कमाई आणि अखेरचे दहा बार अशी दोन्ही खाती होती. जुनी वहीच मला अधिक न्याय्य वाटते. पंचाहत्तर मिनिटे ज्याने मन ताब्यात ठेवले त्याचा तो सगळा जमाखर्च दुपारी फाडून टाकावा आणि चोवीस बारांच्या घाईत त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी, हे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकासाठी सोयीचे असेल. क्रीडेच्या दृष्टीने त्यात थोडा जुलूम आहे.

अर्थात त्या जुलमातूनही प्रसंग असे निर्माण होतात की टीकाकाराने क्षणभर गप्प बसावे. २१ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई स्पर्धेत, पालेंबांग येथे, मेरठ जिल्ह्यातील कलीना गावचा सौरभ चौधरी हा सोळा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बेचाळीस वर्षांच्या तोमोयुकी मात्सुदा या अनुभवी जपानी नेमबाजाच्या मागे होता. अखेरून दुसऱ्या बाराला मात्सुदांचा हात ८.९ वर घसरला, आणि २४०.७ विरुद्ध २३९.७ अशा फरकाने सुवर्ण भारताकडे आले. कांस्यही अभिषेक वर्मा या भारतीयाचेच. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळविले, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी पहिली भारतीय महिला हा मान महाराष्ट्राकडे आला.

तथापि साठ बारांच्या वहीचे खरे मोल पाहायचे असेल तर २८ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे लागलेला निकाल पाहावा. आशियाई स्पर्धेत सांघिक पदक निराळ्या सामन्याने ठरत नाही. देशाच्या तीन नेमबाजांची प्राथमिक फेरीतील बेरीज हाच संघाचा गुणांक. सरबज्योत सिंग ५८०, अर्जुन सिंग चीमा ५७८, शिवा नरवाल ५७६, एकूण १७३४. यजमान चीनचे १७३३. एकशेऐंशी बारांत भारताने ६६ गुण गमावले आणि चीनने ६७. त्या चिनी बारांपैकी एखादा छर्रा रेषेकडे केसभर अधिक झुकला असता तर बरोबरी झाली असती. किंवा आपल्या तिघांपैकी एकाने, एखाद्या कंटाळवाण्या चाळिसाव्या बाराला, हात खाली घेऊन पुन्हा नव्याने उचलण्याऐवजी तसाच चाप ओढला असता तर सुवर्ण हातचे जाऊ शकले असते. तो निर्णायक बार कोणता होता हे कोणालाही दाखविता येणार नाही, कारण एकशेऐंशीतला प्रत्येकच तसा होता. टाळ्या मात्र त्यातल्या फारच थोड्यांना मिळाल्या असतील. वैयक्तिक अंतिम फेरीत सरबज्योत चौथे राहिले व सुवर्ण व्हिएतनामच्या फाम क्वांग हुय यांनी नेले.

त्याच सरबज्योतांना पुढल्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये या हिशेबाची दुसरी बाजू दिसली. ५७७ गुणांवर ते आणि जर्मनीचे रॉबिन वाल्टर बरोबरीत होते. अशा वेळी दहाच्या वर्तुळातील ५ मिलिमीटर व्यासाच्या आतल्या वर्तुळाची मोजदाद होते: वाल्टर यांचे बार सतरा, सरबज्योतांचे सोळा. आठवा आत गेला, नववा बाहेर राहिला. तीन दिवसांनी, ३० जुलै २०२४ रोजी, मनू भाकर यांच्या जोडीने मिश्र सांघिक कांस्य त्यांना मिळाले हे खरे. पण त्या सोळा-सतराचा सल इतक्याने बुजला असेल असे मला वाटत नाही.

या नामावळीत मराठी पुरुष नाही, ही बाब लपविण्यात अर्थ नाही. मुंबईचे रोनक पंडित यांनी २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत समरेश जंग यांच्याबरोबर २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीचे सुवर्ण मिळविले होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे पॅरिसमधील कांस्य रायफलीचे. मराठवाड्याने तर अजून या दालनाचे दारही नीट ठोठावलेले नाही. कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही: ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या हवेच्या पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे जिल्हाधिकारी कचेरीचे खेटे वाचतात. अडचण पैशाची आहे. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जाते, आणि ते ज्या घरात परवडते तेथील मुले बहुधा अन्यत्र शिकायला जातात.

यावर उत्तर प्रदेशाकडून एक दाखला घेण्याजोगा आहे. सौरभ चौधरी घडला तो बागपत जिल्ह्यातील बिनौली येथे, अमित शेओराण यांच्या साध्यासुध्या केंद्रावर. जालन्यात बियाण्यांच्या आणि पोलादाच्या उद्योगाने बांधलेली, बंद पडलेली, रिकामी अशी पंधरा मीटर लांबीची कितीतरी छपरे असतील. त्यातले एक घ्यावे, मागे भक्कम भिंत व छर्रे अडविणारी पेटी असावी, उजेड लक्ष्यावर पडेल अशी तजवीज करावी आणि पिस्तुले मुलांच्या नव्हे, केंद्राच्या मालकीची ठेवावीत. मात्र मार्गिका एक नको, निदान तीन हव्यात. कारण १७३४ ची बेरीज तीन हातांची होती, आणि शेजारचा कसा उभा राहतो हे रोज पाहिल्याखेरीज तिसऱ्याचे ५७६ होत नाहीत.