डुक्कर, हत्ती आणि सोळा-तेरा

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सीमेवरच्या भाषावादावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. पण गाड्यांच्या टोपणनावांची हद्द कुठे लागते, हे पाहावे म्हणून आम्ही सुरतेत उधना गाठले.

उधना-लिंबायत भागात खानदेशी वस्ती दाट. तेथल्या एका गॅरेजात बसलो असता एक हौशी गुजराती तरुण आला आणि ‘फियाट अकराशे, एकशे तीन’ची पुढची जाळी मिळेल का, म्हणून विचारू लागला. मूळचे शिंदखेड्याकडचे वयस्क मिस्त्री गोंधळले. बाहेर येऊन गाडी पाहिली मात्र, उद्गारले, “अरे, हाई ते डुक्कर शे!” तरुणाचा चेहरा उतरला. लाखमोलाची गाडी, आणि हे नाव!

नाव मात्र जुनेच. पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या फियाटचे नाक पुढे आलेले, म्हणून लोकांनी तिला डुक्कर म्हटले. कंपनीने पुढे सिलेक्ट, डिलाइट, पद्मिनी अशी गोंडस नावे काढली. (पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकीही डुक्करच, तेव्हा सुटा भाग मागताना ‘रिक्षा की मोटार’ हे सांगावे लागे.) गमतीचा भाग असा की डुक्कर हा शब्द दोन्ही भाषांत आहे. त्याला सीमेवर कोणी अडवत नाही.

हत्तीचे तसे नाही. २००५ साली आलेला टाटांचा एस टेम्पो आपल्याकडे ‘छोटा हत्ती’, सुरतेत ‘छोटा हाथी’. गुजरातीत खरे तर ‘नानो’ म्हणायला हवे होते, पण तिथेही हिंदीने आधीच जागा धरली.

आकड्यांचेही तेच. टाटांच्या १६१३ मालमोटारीत पहिले दोन आकडे टनांचे, मागच्या दोहोंवर शून्य चढवले की अश्वशक्ती: सोळा टन, एकशे तीस. मराठी ड्रायव्हरची ‘सोळा-तेरा’ गुजराती तोंडात ‘सोळ-तेर’ होते. उलट १९८३ च्या पहिल्या मारुतीला शौकीन मंडळी ‘एसएस ८०’ म्हणतात. शेजारीपाजारी हा सांकेतिक क्रमांक कोणाच्या तोंडी नव्हता. आम्हाला तरी अशा नावांत फारसा जीव वाटत नाही.

मिस्त्रींचा नातू असे क्रमांक धडाधड सांगतो. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण तो गुजराती माध्यमात शिकला. “हत्ती म्हण, हाथी नको,” असे आजोबा दटावतात, तो हसतो.

जाळी अखेर माळ्यावर सापडली. नातू पावती करायला बसला. क्रमांक लिहू की नाव, असे त्याने विचारले. मिस्त्रींनी तरुणाकडे पाहिले. तरुण म्हणाला, “डुक्कर लखो ने!”

नातवाने ते गुजराती लिपीत लिहिले. मिस्त्रींनी चष्मा लावून पाहिले आणि खाली मराठीत सही केली.