मांस अशुद्ध नाही, हात आणि सुरी स्वच्छ हवी



नाताळ जवळ आला की आपल्या घरांत सोरपोतेलची तयारी सुरू होते. नांदगाव परिसरातल्या कातकरवाड्यांवरही लग्नकार्याला चार घरं मिळून डुक्कर आणतात आणि अंगणातच कापतात. नंतर कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, तर "बाधलं" म्हणून विषय संपतो. पण तान्ह्या मुलाच्या आणि अशक्त गरोदर बाईच्या जिवावर एका रात्रीचे जुलाबही बेतू शकतात.

हे जंतू येतात कुठून? धडधाकट दिसणाऱ्या डुकराच्या आतड्यातही साल्मोनेला असू शकतो. १८८५ साली अमेरिकेत तो प्रथम डुकरातच सापडला आणि डॅनियल साल्मन या पशुवैद्याचं नाव त्याला मिळालं. येर्सिनिया नावाचा दुसरा जंतू डुकराच्या घशातल्या गाठींत राहतो आणि फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. निरोगी जनावराचं मांस आतून बहुधा स्वच्छ असतं. कापताना आतडं फुटलं, की त्यातली घाण सुरी, पाट आणि हातांवाटे सगळ्या मांसाला लागते. खिमा केला तर ती आतपर्यंत पोहोचते.

धोका कापणाऱ्यालाही आहे. २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात आजारी आणि मेलेली डुकरं घरी कापणाऱ्या शेतकऱ्यांत स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जंतूची साथ आली. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. हा जंतू हातावरच्या जखमेतून शिरतो. मेंदूज्वर होतो, वाचलेल्याला कधी बहिरेपण येतं. आपल्या कोकणात पावसाळ्यात भीती असते ती लेप्टोची. तो मुख्यतः उंदरांमुळे पसरत असला, तरी डुकराच्या मुत्रातूनही येतो.

वाड्यांवर आम्ही एवढंच सांगतो:

१. आजारी किंवा आपोआप मेलेलं डुक्कर कापू नये, स्वस्त मिळालं तरी.
२. हाताला जखम असेल त्याने कापायला बसू नये.
३. आतडी न फोडता काढावीत. त्यांची सुरी वेगळी, मांसाची वेगळी. मधे हात साबणाने धुवावेत.
४. तुकडे लहान करून, आतपर्यंत पूर्ण शिजवावेत. आतली उष्णता ७१ अंश सेल्सिअसला पोहोचली की हे जंतू मरतात. रक्तही कच्चं राहू नये. व्हिनेगर किंवा मिठात मुरवणं म्हणजे शिजवणं नव्हे.
५. शिजलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. फ्रीज नसेल तर तेवढंच शिजवावं, उरलेलं कच्चं मांस लगेच वाटून टाकावं.

जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहावं. ताप असेल, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मलूल झालं, तर थेट आरोग्य केंद्र गाठावं.

हे सांगताना एक पथ्य आम्ही पाळतो. "तुम्ही घाण खाता" हे वाक्य या लोकांनी पुष्कळ ऐकलं आहे. ते मंडळीच्या तोंडून त्यांना ऐकू येऊ नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० मध्ये पेत्राला झालेला दृष्टांत आठवा. त्याला अन्नाविषयी दाखवलं गेलं आणि तो धडा माणसांविषयी शिकला.

नाताळच्या दानात या वेळी साबण, चांगल्या सुऱ्या आणि झाकणाची मोठी पातेली यांचाही विचार करावा. आणि जिथे ताटात मांस क्वचितच पडतं, त्या घरांची प्रार्थनेत आठवण ठेवावी.