वृषणाशेजारची गाठ

वृषणकोशात फक्त दोन वृषणे असतात, असे पाठ्यपुस्तकातील आकृती पाहून वाटते. प्रत्यक्षात तेथे वृषणाभोवतीची आवरणे, अधिवृषण आणि रक्तवाहिन्या, नसा व शुक्रवाहिनी यांची जुडी, म्हणजे शुक्ररज्जू, हेही असतात. यांतील स्नायू, चरबी अशा मृदू ऊतींत क्वचित कर्करोग उद्भवतो. त्याला सार्कोमा म्हणतात. मुलांमध्ये व किशोरांमध्ये तो बहुधा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा असतो. त्याच्या पेशींत स्नायुपेशींची लक्षणे दिसतात. प्रौढांत चरबीचा लायपोसार्कोमा अधिक आढळतो.

पहिले लक्षण म्हणजे न दुखणारी, वाढत जाणारी गाठ. दुखत नाही म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. अंधारात बॅटरीचा प्रकाश टाकला, तर पाणी साठलेली सूज लालसर उजळते, घन गाठ उजळत नाही. मात्र गाठीभोवतीही पाणी साठू शकते. म्हणून सोनोग्राफी हवीच. वृषणाच्या अनेक कर्करोगांत रक्तातील काही विशिष्ट पदार्थ वाढतात. सार्कोमात ते सहसा वाढत नाहीत. तेव्हा रक्त निर्दोष आले म्हणून निश्चिंत होता येत नाही.

गाठ कोशात, पण शस्त्रक्रियेचा छेद मात्र जांघेत! असे का? गर्भावस्थेत वृषणे पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि आपल्या रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या घेऊन खाली उतरतात. त्यामुळे वृषणाकडील लसीका पोटाच्या मागील बाजूस, महारोहिणीलगतच्या ग्रंथींकडे जाते. कोशाच्या त्वचेतील लसीका मात्र जांघेतील ग्रंथींकडे जाते. कोशाला छेद दिला किंवा सुई टोचली, तर कर्कपेशींना ही दुसरी वाटही खुली होऊ शकते. म्हणून जांघेतून शुक्ररज्जू वर बांधून तो, वृषण व गाठ एकत्रच काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर निदान पक्के होते. रोग पसरला आहे का, हे पोट व छातीच्या सीटी स्कॅनने पाहतात.

ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार आवश्यक असतात. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते, तर ॲक्टिनोमायसिन हे १९४० साली मातीतील जिवाणूपासून मिळालेले द्रव्य आहे. जोडीला सायक्लोफॉस्फमाइड देतात. रोग पसरलेला नसेल तर बहुसंख्य मुले बरी होतात. एक वृषण काढले तरी उरलेल्या निरोगी वृषणावर पुरुषी संप्रेरकांची गरज सहसा भागते. औषधांनी शुक्रजंतूंची निर्मिती घटू शकते. म्हणून वयात आलेल्या मुलांचे वीर्य उपचारापूर्वी गोठवून ठेवता येते. लायपोसार्कोमात मुख्य भर गाठ समूळ काढण्यावर असतो. ती वर्षांनंतरही उलटू शकते, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

अशी गाठ दुर्मीळ. लाज मात्र सार्वत्रिक आहे. प्रजननसंस्थेचा धडा घाईघाईने उरकला, की या अवयवांबद्दल बोलायचे नसते, असेच मुले शिकतात. न दुखणारी गाठही डॉक्टरांना दाखवावी, आणि वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्या तर पीळ पडला असण्याची शक्यता धरून तासाभराचाही विलंब करू नये, ही दोन वाक्ये त्या धड्यात जरूर सांगावीत, अशी शिक्षकांना आमची विनंती आहे.