राजीनाम्यावर सही करण्याआधी

वरसे हे गाव रोह्याला खेटून आहे. जवळच्या धाटाव एमआयडीसीत कुठे माणसं कमी झाली, की इथे फुकटच्या सल्ल्यांना ऊत येतो.

गैरसमज : ‘राजीनामा देऊन टाक, हिशेब लवकर मिळेल.’

वस्तुस्थिती : राजीनामा दिला म्हणजे काम तुम्ही सोडलंत, कपातीची भरपाई मागायची सोय राहत नाही. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचा पगार आहे, कपातीपासून ४५ दिवसांत खात्यात. वर्षाच्या आत कंपनीने पुन्हा भरती काढली, तर आधी विचारायचं ते काढलेल्यांनाच. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते. ती देऊन कोणी उपकार करत नाही.

गैरसमज : ‘बेकारी भत्ता आपल्याकडे नसतोच.’

वस्तुस्थिती : पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर २०१८पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटींत बसलात तर सरासरी कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून आधी ईएसआयसीच्या कार्यालयात विचारावं.

गैरसमज : ‘वीस वर्षं प्लांटवर काढली, कागद कशाला हवा?’

वस्तुस्थिती : नव्या नोकरीसाठी तळोजा एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवर तो लागतोच. बॉयलर चालवायचा तर बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र कायद्यानेच हवं. आयटीआयमधून एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांटच्या अटेंडंट-ऑपरेटरचा कोर्स, केलेल्याचं निभावतं. अडतो तो हेल्पर म्हणून लागलेला माणूस. रिअ‍ॅक्टर चार्ज करतो, सेंट्रिफ्यूज रिकामा करतो, नाइट शिफ्टला नवख्यांना शिकवतो. कागदावर मात्र शेवटपर्यंत हेल्पर. अनुभवपत्रात ‘समाधानकारक काम केले’ एवढंच असेल तर ते परत द्यावं आणि कोणत्या मशीनवर, किती वर्षं, हे लिहून मागावं. हातात असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी सरकारी सोयही आहे; तिला आरपीएल म्हणतात.

गैरसमज : ‘नोकरी गेली, पेन्शनचे पैसेही काढून घे.’

वस्तुस्थिती : दहा वर्षं भरली नसतील तर ते काढता येतात, पण मग तेवढी सेवा पुसली जाते. त्याऐवजी पीएफ कार्यालयाकडून स्कीम सर्टिफिकेट घेतलं, तर धाटावची सहा वर्षं पुढच्या नोकरीच्या चार वर्षांना जोडली जातात, पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरतात आणि ५८व्या वर्षी पेन्शन सुरू होते.