पासष्टच्या अलीकडे-पलीकडे

देगलुरात जोराचा पाऊस होऊन गेला की चहाच्या टपरीवर दोन शब्द हमखास ऐकू येतात, अतिवृष्टी आणि ढगफुटी. बोलणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की लई पडला. पण हेच शब्द तहसिलात गेले की त्यांना आकडे चिकटतात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

"माझं वावर पाण्याखाली गेलं, म्हणजे अतिवृष्टी झालीच." नाही. महसूल खात्याच्या लेखी चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला तरच अतिवृष्टी. 65 मिमी म्हणजे एका गुंठ्यावर साडेसहा हजार लिटर पाणी! आणि तो मोजला जातो मंडळाच्या, म्हणजे आपल्या बोलीत सर्कलच्या, पर्जन्यमापकात. यंत्र एका गावात, सोयाबीन दुसऱ्याच गावात. ढगाला सर्कलची हद्द ठाऊक नसते. शिवाय पावसाच्या नोंदीचा दिवस मध्यरात्री नव्हे, सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठच्या आधी 40 मिमी पडला आणि नंतर 40, तर शेतात 80 साचतात आणि कागदावर दोन साधे दिवस उरतात.

मग 65 भरले नाहीत तर सगळं संपलं का? तसंही नाही. दिवसेंदिवस झिरपणारा पाऊस उडीद-मूग कुजवतो, पण एकाही दिवशी आकडा गाठत नाही. म्हणून 2023 साली राज्य सरकारने 'सततचा पाऊस' हीही आपत्ती मानली. उलट, आकडा भरला तरी नुसत्या त्याच्यावर मदत मिळत नाही. पंचनाम्यात किमान 33 टक्के नुकसान दिसावं लागतं.

ढगफुटी हा शब्दच फसवा. त्यामुळे पाण्याची पिशवी फाटल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. ढग फुटत नाही. वर चढणाऱ्या हवेने तोलून धरलेले थेंब जड झाले की थोड्या वेळात, थोड्या जागेवर कोसळतात. हवामान खात्याचं मोजमाप असं: साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरवर तासाभरात 100 मिमी. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्याने वेढली गेली, तेव्हा सगळीकडे ढगफुटी हाच शब्द होता. बातम्यांतला आकडा मात्र दिवसाचा होता, दोनशे मिमीच्या पुढचा. एवढा पाऊस हवामान खात्याच्या सर्वांत वरच्या पायरीजवळचा, पण दिवसाच्या आकड्यावरून तासाचा जोर कळत नाही. त्यात पाणी लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडूनही आलं होतं. पूर आपल्या दारात येतो, पाऊस दुसऱ्याच्या डोक्यावर पडलेला असू शकतो.

राहिला 'ओला दुष्काळ'. मोर्चाच्या फलकावर तो सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो, आणि मदतीच्या सरकारी नियमावलीत तो शब्दच नाही.