इस्ट्रोजेनचा निरोप आणि पेशीतील ग्राही

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी अहवालात पुष्कळदा ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे शब्द आढळतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काहीतरी भयंकर, अशा समजुतीने घरातील माणसे खचून जातात. वस्तुतः हे शब्द उपचाराची एक वाट मोकळी असल्याचे सांगतात. ते समजण्यासाठी इस्ट्रोजेन पेशीशी कसे बोलते, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

इस्ट्रोजेन हा संप्रेरकांचा गट असून एस्ट्रॅडिऑल हे त्यांतील सर्वांत प्रभावी होय. ते मुख्यतः स्त्रीच्या बीजांडकोशात तयार होते. पुरुषांच्या शरीरातही ते अल्प प्रमाणात असते व त्यांच्या हाडांनाही त्याची गरज असते. रक्तावाटे ते सर्वत्र पोहोचते. परंतु गर्भाशय व स्तन यांवर त्याचा जो ठळक परिणाम होतो, तो इतर अनेक अवयवांवर होत नाही. असे का?

या प्रश्नाचे उत्तर शिकागो विद्यापीठातील एलवूड जेन्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस शोधले. संप्रेरक पेशीत जाऊन रासायनिक क्रियेत खर्ची पडते, असे त्या काळी मानले जाई. जेन्सन यांनी एस्ट्रॅडिऑलच्या रेणूंत किरणोत्सारी हायड्रोजन घालून ते उंदीरवर्गीय माद्यांना टोचले आणि त्याचा माग काढला. इतर ऊतींतून ते लवकर ओसरले. गर्भाशयात मात्र टिकून राहिले, आणि तेही मूळ स्वरूपात, काहीही बदल न होता. याचा अर्थ, त्याला धरून ठेवणारे काहीतरी तेथे होते. ते म्हणजे एक प्रथिन : इस्ट्रोजेनचा ग्राही. रूढ मताला प्रयोगाने दिलेले हे उत्तर होते.

इस्ट्रोजेन मेदात विरघळत असल्याने पेशीचे आवरण सहज ओलांडते. आत, मुख्यतः केंद्रकात, ग्राही त्याला आपल्या खोबणीत सामावून घेतो. त्यामुळे ग्राहीचा आकार बदलतो, दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि डीएनएवरील ठराविक जागी बसतात. मग सहायक प्रथिने तेथे जमतात व त्या जनुकाचे काम सुरू होते; काही जनुकांचे काम उलट मंदावते. यातून नवी प्रथिने तयार व्हायला काही तास लागतात. याशिवाय पेशीच्या आवरणाजवळील ग्राहींमार्फत काही मिनिटांतच घडणारे परिणामही आहेत. 1996 मध्ये ग्राहीचा दुसरा प्रकार, ‘बीटा’, उजेडात आला. तेव्हापासून पहिल्याला ‘अल्फा’ म्हणू लागले.

जगभरातील स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के कर्करोगांच्या पेशींत हा ग्राही असतो. त्या इस्ट्रोजेनच्या आज्ञेवर वाढतात. टॅमॉक्सिफेन हे औषध नेमकी तीच खोबणी अडवते. ते बसल्यावर ग्राहीचा आकार असा होतो की, स्तनाच्या पेशीत सहायक प्रथिनांना तेथे जागाच मिळत नाही. 1977 साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ग्राही असलेल्या रुग्णांनी ते पाच वर्षे घेतल्यास त्या काळात रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. ऊतीनुसार सहायक प्रथिने वेगळी असल्याने हेच औषध गर्भाशयात मात्र इस्ट्रोजेनसारखे वागू शकते. म्हणून पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

शस्त्रक्रिया झाली, बरे वाटू लागले, मग गोळी कशाला, असे म्हणून अनेक स्त्रिया मध्येच औषध सोडतात. दुखत नाही म्हणून ग्राही नाहीसा होत नाही. शरीरात कोठे उरलेल्या पेशी असल्या, तर त्यांना निरोप मिळू न देण्याचे काम ती गोळी रोज करीत असते. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलामुलींनी घरातील आई, मावशी, आत्या यांचा अहवाल स्वतः वाचावा, त्याचा अर्थ त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबणार नाही, याकडे लक्ष द्यावे. शिक्षणाचा घराला होणारा हा उपयोग लहान नव्हे.